जिथे सांधा, तिथे खटका

सत्तेचाळीस सेकंद घड्याळाकडे बघायचं आणि चाकांखालचे खटके मोजायचे. जितके खटके भरतील, तितके किलोमीटर गाडी ताशी धावते आहे असं समजायचं. एक रूळ तेरा मीटरचा, दोन रुळांमधे सांधा, सांध्यावरून चाक गेलं की खटका. बाकी सगळी त्रैराशिकाची करामत. हे गणित मला सिहोऱ्याच्या शाळेत गजभिये गुरुजींनी शिकवलं. मी ताजी बी.ए., ते जुने मॅट्रिक. तीनदा करून पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसला, आणि चौथ्यांदा केलं ते त्यांची चूक सापडावी म्हणून. सापडली नाही. त्या वयात मला दुसऱ्याची चूक सापडली नाही की जेवण गोड लागत नसे.

परवा नातीनं मोबाइलवर जगातली सगळ्यात वेगवान गाडी दाखवली. पांढरीशुभ्र, बदकासारखी लांब चोच. आत कुणीतरी काठोकाठ भरलेला पेला ठेवला होता आणि त्यातलं पाणी हलत नव्हतं. मी म्हटलं, "आवाज वाढव गं." ती म्हणाली, "आजी, आवाज नाहीच आहे." मी चष्मा पुसते म्हणून आत गेले. तिला वाटलं, म्हातारीला मोबाइलचा त्रास होतो. वाटू दे.

सिहोऱ्यातून रेल्वे जात नाही. एसटीनं तुमसर गाठायचं, तिथून तुमसर रोड स्टेशन, मग गाडी. अशा गावात भूगोल शिकवणारा हा माणूस जगातल्या आगगाड्यांच्या वेगाबद्दल बोलायचा. वर्गात जगाचा नकाशा होता. त्यावर नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, आणि जपानवर गुरुजींनी स्वतः लाल शाईनं ओढलेली एक रेघ. "टोकियो ते ओसाका. ताशी दोनशे दहा. आपली पॅसेंजर आंघोळ करून निघेपर्यंत तिकडचा मानूस जेवून हात धुते."

बातम्या त्यांना कुठून मिळायच्या? पुडीच्या कागदातून. दुकानातून तिखट आणलं, हळद आणली, की सामान डब्यात आणि कागद गुरुजींच्या गुडघ्यावर. 'रेल्वे' हा शब्द दिसला की कात्री. त्यांच्या तपकिरी पुठ्ठ्याच्या वहीला म्हणून कायम मसाल्याचा वास यायचा. जपानच्या गाडीवर हळदीचा डाग होता आणि तो त्या गाडीचा मूळ रंगच आहे असं मुलं समजत.

माणसांना ते गाड्यांची नावं देत. हेडमास्तर म्हणजे पॅसेंजर: "हर टेसनावर थांबते, जिथं टेसन नाही तिथंबी थांबते." माझ्याबद्दल म्हणाले, "सुमनबाई फास्ट गाडी. फक्त सिग्नल पायत नाहीत." सगळे हसले, मीही हसले. मला ती तारीफ वाटली. एवढी हुशार होते मी.

पहिल्या दिवशीचं सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील. मी भंडाऱ्याहून रुजू व्हायला आले. गुरुजींनी घरून आणलेला चहा कपात ओतून माझ्यापुढे धरला. त्यांचं आडनाव मला दारातच कळलं होतं, आणि आडनावावरून जात. मी म्हटलं, "मी चहा घेत नाही." अर्ध्या तासानं हेडमास्तरांच्या टेबलाशी मी बशीभर चहा फुरकत होते, तेव्हा गुरुजी हजेरीपट घ्यायला आत आले. त्यांनी पाहिलं. हजेरीपट उचलला आणि जाता जाता हसून म्हणाले, "चालाचंच बाई. जिथं सांधा, तिथं खटका."

हे त्यांचं पालुपद होतं. नवराबायकोचे खटके उडाले, दोन भाऊ वेगळे झाले, हेडमास्तरांनी कुणाला झापलं, की हेच. आणि पुढे जोडायचे, "जपानवाल्यानं सांधाच काढून टाकला. रुळाले रूळ वितळवून जोडला. आता खटका येईन कुठून?"

मला वाटायचं, या माणसाला वेगाचं वेड आहे. सगळ्यांनाच वाटायचं. खरं कारण घरी बाजेवर होतं.

पार्बतावहिनी, गुरुजींची बायको. नदीकाठच्या बपेऱ्याची मुलगी. मणक्याचा क्षय झाला होता त्यांना. दर पंधरा दिवसांनी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागे. एसटीचे खड्डे सोसवत नसत, म्हणून तुमसर रोडपर्यंत कसंबसं न्यायचं आणि तिथून पॅसेंजर, कारण पॅसेंजरच्या बाकावर आडवं होता येतं. पण बाकाखाली चाक, चाकाखाली रूळ, आणि दर तेरा मीटरला सांधा. नागपूरपर्यंतचा प्रत्येक खटका त्यांच्या पाठीच्या कण्यात वाजायचा. गुरुजींना दोनशे दहाचा वेग नको होता. त्यांना खटका नको होता. एवढी एकच गोष्ट त्यांना जगाकडून हवी होती, आणि ती जपानात निघाली.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण बाविसाव्या वर्षी माहीत असणं आणि कळणं यांच्यामधे नागपूरइतकं अंतर असतं.

एकदा ते एक कागद घेऊन माझ्याकडे आले. "बाई, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. एवढं पाहून द्या." जपानच्या रेल्वेच्या मोठ्या साहेबांना लिहिलेलं पत्र होतं. मजकूर असा: माझ्या पत्नीला प्रत्येक सांध्यात वेदना होतात, आपण सांधे कसे काढून टाकले ते कृपा करून कळवावे, आमच्या मार्गावर तसे करता येईल काय. मी वाचलं आणि पदराआड इतकी हसले की उचकी लागली. म्हटलं, "गुरुजी, त्यांना वाटेल तुम्ही वहिनींचे गुडघे काढायला सांगताय." ते गंभीरपणे म्हणाले, "मंग रुळाचा सांधा असं लिवा. मानसाचा नोको."

मी लिहिलं. पत्र गेलं. पण पोस्टमन उरकुडानं पत्ता वाचला होता, आणि उरकुडानं वाचलेलं सगळं सिहोरा वाचायचं. त्यात बुलेट ट्रेनला गुरुजी वर्गात 'गोळीगाडी' म्हणत. आठ दिवसांत गावात पसरलं की गुरुजींनी जपानहून सांधेदुखीची गोळी मागवली आहे. धानाची रोवणी करून करून कमरेत वाकलेल्या बाया शाळेच्या ओट्यावर येऊन बसू लागल्या.

"गुरुजी, जपानची गोळी आली का?"

"आजी, ते गोळी म्हंजे गाडी आहे."

"गाडीनं येऊन रायली का? मंग येऊ द्या, बसतो आमी."

एक म्हातारी तर मुलांच्या हाती दोन अंडी पाठवायची, गोळी पहिली तिला मिळावी म्हणून. गुरुजी अंडी परत करायचे आणि म्हातारीच्या अंगणात जाऊन काडीनं रूळ काढून दाखवायचे. म्हातारी सगळं ऐकून घेऊन विचारायची, "जेवनाआधी घ्याची का नंतर?"

जपानहून उत्तर आलं नाही. मधल्या सुट्टीत गुरुजी फाटकाशी उभे राहायचे आणि उरकुडा सायकलवरूनच ओरडायचा, "आजबी जपान नाही, गुरुजी!" दिवाळी गेली, संक्रांत गेली. ते रोज उभे राहायचे. मला त्या उभं राहण्याची गंमत वाटायची.

आणि आली एक एप्रिल.

माझी मावसबहीण तुमसरला टायपिंग शिकत होती. तिच्याकडून एक पत्र टाइप करून घेतलं. भावाच्या तिकिटांच्या वहीत जपानचं एक वापरलेलं तिकीट होतं, त्यावर सारस पक्षी. ते भाताच्या शितानं पाकिटावर चिकटवलं. साहेबाचं नाव काय ठेवावं? समोर ताकाचा माठ होता. सही केली, 'ताकामाटो'. मजकूर: आपले पत्र पोहोचले, आपल्या पत्नीस आराम पडो, आमचे इंजिनियर आपल्या मार्गाची पाहणी करतील आणि सांधे काढण्याचा विचार करतील. दोन दिवस ते पाकीट माझ्या पिशवीत फणी-तेलाशेजारी होतं. एक तारखेला सकाळच्या शाळेत हेडमास्तरांच्या टेबलावरच्या टपालात सारून दिलं. सुट्टीची घंटा झाली की 'एप्रिल फूल' म्हणून ओरडायचं ठरलं होतं.

गुरुजींनी पाकीट उघडलं. उभ्यानंच वाचलं. मग खाली बसले आणि पुन्हा वाचलं, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ते उठले, पत्र छातीशी धरलं, आणि वर्ग तसाच सोडून, टोपी टेबलावर ठेवून, सायकलवर टांग मारून घराकडे निघून गेले. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तास अर्धा सोडला तो त्या दिवशी. माझं तोंड उघडंच राहिलं, आणि त्यातून पुढची कित्येक वर्षं खरं काही बाहेर पडलं नाही.

उद्या सांगू, परवा सांगू. दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन आले. कसं सांगणार? पत्राची घडी त्यांच्या खिशात असायची. स्टेशनावर कुणी अनोळखी टोपीवाला माणूस रुळाकडे बघताना दिसला की ते जवळ जाऊन विनयानं विचारायचे, "आपुन पाहनीले आले का?"

त्या पावसाळ्यात मला नागपूरला जायचं होतं, आणि गुरुजी म्हणाले, "आमच्यासंगंच चला." तेव्हा मी पहिल्यांदा ते मोजणं पाहिलं. बाकावर तीन पदरी गोधडी, तिच्यावर वहिनी कुशीवर, डोकं गुरुजींच्या मांडीवर. घड्याळ ते उजव्या मनगटावर बांधत; त्यावरून मी त्यांना 'डावखुरे साहेब' म्हणून चिडवलं होतं. त्याचं कारण त्या दिवशी कळलं. डावं मनगट वहिनींच्या मुठीत असायचं. खटका आला की मूठ आवळायची, गेला की सैल. गुरुजी हळू आवाजात मोजत होते, एक, दोन, तीन. मधेच जपानची नवी बातमी सांगत होते.

"पार्बता, आता त्यायनं अशी गाडी काढली म्हनते का रुळाले टेकतच नाही. चुंबकावर तरंगते. चाचनीत पाचशेच्यावर गेली."

"म्हंजे डोंग्यावानी?"

"हाव. वैनगंगेतल्या डोंग्यावानी."

"मंग एवढं शिकून काय केलं बाप्पा त्यायनं? डोंगा तं माह्या बापाजवडबी होता."

गुरुजी हसले. मूठ आवळली. ते पुन्हा मोजू लागले.

भंडारा रोडला गाडी थांबली आणि ते पाणी आणायला उतरले. वहिनींनी मला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज अगदी बारीक, पण डोळ्यांत खट्याळपणा माझ्यापेक्षा जास्त.

"बाई, जपानातबी भात खातेत म्हनते. म्हून तिकिटाले शीत लावलं असन. पर चमेलीचं तेल लावतेत का तिकडं?"

मी नकळत वेणी पदराखाली घेतली.

"मले वाचता येत नाही. म्या नाकानं वाचलं. मंग एक दिवस तुमी घरी आल्या, वेनीचा तोच वास आला, तवाच समजलं."

"वहिनी, मी त्यांना आज सांगते. पाया पडते त्यांच्या."

"नोको!" माझा हात त्यांनी धरला. केवढा जोर होता त्या काडीसारख्या हाताला. "मले त्या पत्रानं काई होत नाही. मी कोनत्या टेसनावर उतरनार ते मले मालूम आहे. पर ते पत्र आलं त्या रातीपासून हे झोपतेत. त्याच्याआधी निस्ते बसून राहत. तुमी मस्करी केली, पर चांगली केली." मग जरा थांबून म्हणाल्या, "आनखी एक लिवजा. मी गेल्यावर. लवकर येऊन रायलो असं लिवजा. याईले वाट पाहाले काईतरी पायजे."

गुरुजी पाणी घेऊन येताना दिसले. वहिनींनी माझा हात सोडला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "बाईले चहा पाजा हो. घेतेत त्या आता." मी थर्मासचा चहा घेतला. दोन कप घेतले. या वेळी खटका उडाला नाही.

पुढच्या थंडीत, नागपूरहून परत येताना, गाडीतच त्या गेल्या. गुरुजी आठ दिवसांनी शाळेत आले. हजेरीपट घेतला, ठेवला, माझ्याजवळ आले आणि जसं वर्गात सांगत तसं, सरळ आवाजात म्हणाले, "बाई, दोनशे अकराव्या खटक्याले तिनं दाबलं. दोनशे बाराव्याले नाही दाबलं. मी तुमसर रोडपर्यंत मोजत आलो."

मी दुसरं पत्र लिहिलं नाही. लिहिलं नाही हे खोटं. सतरा वेळा लिहिलं. पहिलं हसत हसत एका बैठकीत झालं होतं, आणि हे होईना. 'आम्ही लवकरच येत आहोत' एवढं वाक्य लिहिलं की हात थांबायचा. पदरात तेवढं एकच काम टाकलं होतं त्या बाईनं. फास्ट गाडी म्हणवणारी मी, माझ्याकडून तेवढं झालं नाही. दरम्यान फ्रान्सनं जपानला मागे टाकल्याची बातमी आली, शेंगदाण्याच्या पुडीवर. गुरुजींनी वाचली. मी कात्री पुढे केली. त्यांनी कागदाची घडी सरळ केली आणि शेंगदाणे परत त्याच कागदात बांधले.

मग माझं लग्न झालं, मी नागपूरला गेले. तो दुसरा सांधा, दुसरे खटके, असो.

चार-पाच वर्षांनी गोंदियाहून परत येत होते. मांडीवर माझी मुलगी. तुमसर रोडला गाडी थांबली आणि डब्यात गुरुजी चढले. केस पांढरे, सोबत कुणी नाही. डोळे दाखवायला नागपूरला निघाले होते. मला ओळखलं, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. समोरच्या बाकावर खिडकीशी बसले, पण अर्धं बाक सोडून, जसं कुणाला आडवं व्हायचं आहे.

गाडी सुटली. वेग घेतला. गुरुजींनी एक बोट वर केलं.

"बाई, कान द्या."

मी कान दिला. खालून नुसती एक लांब सळसळ येत होती, धानाच्या बांधीवरून वारा जावा तशी. मला कळायला वेळ लागला.

"खटका नाही," ते म्हणाले. "सांधे काढले. टोळी येऊन वितळवून जोडून गेली म्हनते सारा रूळ." त्यांनी खिशातून पाकीट काढलं. घड्यांवर फाटलं होतं, पण सारस तिकिटावर अजून चिकटून होता. भाताचं शीत, सुटत नाही. "आले ते साहेब लोक. उशीर झाला त्यायले, पर आले. मले तिची हळहळ लागते, बाई, का तिनं पायलं नाही. तिले वाटत होतं का ते येनार नाहीत. बोलत नव्हती, पर मले समजत होतं."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. टायपिंगची बहीण, ताकाचा माठ, चमेलीचं तेल. समोर तो चेहरा. भंडारा रोडला वहिनींच्या काडीसारख्या हातानं माझा हात धरला होता, तो जोर मनगटाला जाणवला.

"हो गुरुजी," मी म्हटलं. "आले ते."

माझं दुसरं पत्र ते एवढंच.

गुरुजींनी मान हलवली. मग सवयीनं उजवं मनगट डोळ्यांजवळ नेलं. ओठ मोजायला उघडले आणि तसेच राहिले. सत्तेचाळीस सेकंद मी त्यांच्याकडे बघत होते. खिडकीबाहेर बांध्या, पळसं, तारेचे खांब मागे पळत होते. त्यांनी हात खाली घेतला.

"किती?" मी विचारलं.

"एकबी नाही," गुरुजी म्हणाले. "हिशोबानं पाहाल तं, बाई, गाडी उभी आहे."

त्यांचा डावा हात बाकाच्या रिकाम्या अर्ध्यावर उताणा पडला होता. नागपूरपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.